शेवाळाची दुसरी पिढी

आषाढी चौदसला चौमासा बसतो. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत उपाश्रयाच्या पायऱ्या, घराची गच्ची, गोदामामागची ओली भिंत यांवर हिरवा थर धरू लागतो आणि घरातील वडीलधारी मंडळी मुलांना बजावू लागतात, “लीलवर पाय देऊ नका, कोरड्यातून चाला.” सामायिकापूर्वी इरियावहिया म्हणताना, जाता-येता ज्यांना पीडा झाली असेल अशा जीवांचे स्मरण केले जाते. त्यांत बीज आहे, हिरवी वनस्पती आहे, दव आहे, मुंग्यांची बिळे आहेत, पाणी आणि माती आहे, कोळ्याचे जाळे आहे. आणि ‘पनग’ही आहे. पनग म्हणजे हीच लील, ओलीवर धरणारा रंगीत थर. वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेल्या सूत्रातील या शब्दावर सहसा कोणाचे लक्ष रेंगाळत नाही.

पाठशाळेतील एखादे चौकस मूल मात्र तेथेच अडते. बीजाचे नाव वेगळे घेतले, हिरव्या वनस्पतीचे वेगळे घेतले, मग पनगाचे पुन्हा निराळे कशासाठी? आणि शेवाळाला बी नसते, तर दर वर्षी त्याच भिंतीवर ते येते कोठून? ‘पावसाने येते’ या उत्तराने मोठ्यांचे समाधान होते, मुलाचे होत नाही. आणि मुलाचेच बरोबर असते. या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला १८५१ साल उजाडावे लागले, आणि ते दिले एका दुकानदाराने.

त्या दुकानदाराकडे वळण्यापूर्वी आपल्या परंपरेने वनस्पतींची गणना कशी केली ते पाहणे योग्य ठरेल. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात, वनस्पती कशापासून उगवते यावरून तिचे प्रकार सांगितले आहेत. टोकापासून उगवते ती अग्रबीज, मुळापासून उगवते ती मूलबीज, उसासारखी पेरापासून उगवते ती पर्वबीज, खोडापासून उगवते ती स्कंधबीज, बियांपासून उगवते ती बीजरुह. आणि बीजावाचून आपोआप उत्पन्न होते ती संमूर्च्छिम. शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात साधारण वनस्पतिकायाची, म्हणजे एका शरीरात अनंत जीव मानलेल्या वनस्पतींची, गणती आहे. तीत कंद, अंकुर आणि कोवळी पालवी यांच्या जोडीला पनग, शेवाळ आणि पावसाळी छत्र्याही येतात. ही माणसे शेतात आणि रानात डोळे उघडे ठेवून हिंडलेली होती, हे या याद्या वाचताना पदोपदी जाणवते.

अशा याद्यांत आधुनिक वनस्पतिशास्त्र शोधून काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे. त्या हौसेने आगमांची प्रतिष्ठा वाढत नाही आणि विज्ञानाचे आकलनही होत नाही. आगमकारांचा प्रश्न असा होता की जीव कोठे कोठे आहे आणि त्याला होणारी पीडा कशी टाळावी. शेवाळ कोणापासून जन्मते आणि कोणाला जन्म देते, हा त्यांचा प्रश्न नव्हता. तो प्रश्न सोडवायला सूक्ष्मदर्शक लागतो.

निदान एक भिंग तरी लागतेच. हिरे पारखण्याचे दहा पटींचे भिंग अनेक घरांत असते, तेवढे पुरे. भिंतीवरचे सारे हिरवे एक नसते. पाय घसरवणारा बुळबुळीत, पातळ थर बहुधा शैवालाचा असतो. मखमलीसारखा दिसणारा, बोटाला मऊ लागणारा जो गालिचा असतो तो मॉस. बोली भाषेत दोघांनाही शेवाळच म्हणतात. मॉसवर भिंग धरले की गालिच्याचे रूप पालटते आणि इवल्या इवल्या झाडांचे दाट रान दिसते. प्रत्येकाला बारीक खोड, भोवती चिमुकली पाने. खरी मुळे नाहीत, धरून ठेवणारे तंतू तेवढे असतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात काही झाडांच्या शेंड्यातून केसासारखी बारीक काडी वर येते आणि तिच्या टोकाला मोहरीहूनही लहान डबी लोंबते. पाहणाऱ्याला ते मॉसचे फूल किंवा फळ वाटते.

ते फूल नव्हे. ती काडी म्हणजे त्या झाडाचे अपत्य आहे. मॉसच्या हिरव्या झाडावर अतिसूक्ष्म सुरईच्या आकाराचे अवयव असतात, त्यांत स्त्रीयुग्मक, म्हणजे अंड, असते. पुंयुग्मके दुसऱ्या अवयवांत तयार होतात आणि पावसाच्या पाण्याच्या पातळ पडद्यातून अक्षरशः पोहत अंडापर्यंत जातात. मीलनानंतर जो गर्भ तयार होतो तो मातेपासून सुटत नाही. तिच्याच डोक्यावर, तिचेच अन्न-पाणी शोषीत काडीच्या रूपाने वाढतो. त्याच्या डबीत धुळीसारखे बीजाणू तयार होतात. डबी सुकून उघडली की ते वाऱ्यावर जातात, ओल सापडली की रुजतात आणि त्यांतून पुन्हा हिरवे पानदार झाड येते. हिरव्या झाडाची संतती काडी, काडीची संतती हिरवे झाड. अपत्य आईसारखे कधीच नसते, नातवंड मात्र हुबेहूब आजीसारखे असते. मराठी वनस्पतिशास्त्रात याला पिढ्यांचे एकांतरण म्हणतात.

आता नेचा घ्यावा. विहिरीच्या दगडी बांधकामात, महाबळेश्वर-माथेरानच्या दरडींवर नेचे पुष्कळ असतात. पानाच्या मागील बाजूस तपकिरी ठिपके ओळीने दिसतात. ते रोग नसून बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके होत. ही तपकिरी पूड ओल्या मातीवर पेरली तर नेचा उगवेल अशी अपेक्षा असते. उगवते ते भलतेच: नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराचे, जमिनीला चिकटलेले एक हिरवे पापुद्र्यासारखे पान. नेच्याशी त्याचे काडीमात्र साम्य नसते. मॉसमधील काडी निदान आईच्या अंगावर असते. येथे दोन्ही पिढ्या पूर्ण स्वतंत्र, वेगवेगळ्या जागी राहणाऱ्या, एकमेकींना अनोळखी. पापुद्र्याच्या खालच्या अंगाला पुन्हा त्याच सुरया, पुन्हा तेच पोहणे, आणि गर्भातून येतो तो नेचा. मोठे झाड आणि नखाएवढा पापुद्रा यांतील ‘खरी’ वनस्पती कोणती, हा प्रश्न १८४० च्या दशकात युरोपातील जाणकारांना सतावीत होता. पापुद्र्यावर कार्ल नेगेलीने १८४४ मध्ये पुंयुग्मकांचे अवयव पाहिले आणि लेश्चिच-सुमिन्स्की या पोलिश सरदाराने १८४८ मध्ये अंडधारी अवयव पाहिले. फुले नसलेल्या वनस्पतीचे लिंगभेद तिच्या पानांत शोधले जात होते, आणि ते निघाले जमिनीवरच्या एका क्षुल्लक पापुद्र्यावर. तुटक तुटक निरीक्षणे जमत होती. पण जमाखर्चाच्या चिठ्ठ्या पडून असाव्यात आणि खतावणी कोणी मांडलेली नसावी, तशी ती स्थिती होती.

ती खतावणी विल्हेल्म हॉफमाइस्टरने मांडली. त्याचा जन्म १८२४ मध्ये लाइपझिग येथे झाला. वडिलांची संगीताच्या छापील वह्यांची आणि पुस्तकांची पेढी होती. नव्याने छापल्या जाणाऱ्या संगीताची सूची ही पेढी १८२९ पासून दरमहा काढीत असे, आणि संगीताचे इतिहासकार त्या सूच्या आजही चाळतात. पंधरा वर्षांचा असताना विल्हेल्मची शाळा सुटली. हॅम्बुर्गच्या एका दुकानात उमेदवारी करून तो सतराव्या वर्षी वडिलांच्या पेढीवर बसला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. वडिलांना वनस्पतींचा नाद होता, म्हणून मुलाच्या नादाला घरातून आडकाठी झाली नाही. पेढीवर बसणाऱ्या मुलाने फावल्या वेळात सुया, वस्तरा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे, हे सर्वच घरांत खपले असते असे नव्हे. दिवसभर पेढीचे काम असल्यामुळे त्याचा अभ्यास पहाटे चार वाजता सुरू होई आणि पेढीची वेळ झाली की थांबे.

त्याची दृष्टी फार अधू होती; दूरचे त्याला जवळजवळ दिसत नसे. पण डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेली वस्तू तो विलक्षण स्पष्ट पाही, आणि जे काम त्याने हाती घेतले त्याला नेमकी हीच नजर हवी होती. केसाएवढ्या अवयवाचे पातळ काप काढायचे, अंड कोणत्या क्षणी दुभंगते, पहिल्या दोन पेशींच्या चार कशा होतात, त्यांतून काय घडते, हे पेशीगणिक टिपायचे आणि कागदावर उतरवायचे. १८४९ मध्ये सपुष्प वनस्पतींच्या गर्भाच्या उत्पत्तीवर त्याचे पुस्तक आले. त्यासाठी रोस्टॉक विद्यापीठाने १८५१ मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला; प्रकाशक अर्थात घरचीच पेढी. तेव्हा ग्रंथकर्ता सत्तावीस वर्षांचा होता.

या ग्रंथात मॉस, नेचे आणि त्यांचे नातलग एकामागून एक तपासले आहेत, आणि सूचिपर्णी वृक्षांपर्यंत ही तपासणी नेली आहे. निष्कर्ष मात्र शेवटी मोजक्या पानांत आहे. तो असा की या सर्वांचा आराखडा एकच. प्रत्येकात एक पिढी युग्मकांची आणि दुसरी बीजाणूंची, दोघींची पाळी आळीपाळीने. मॉसमध्ये डोळ्यांना दिसते ती युग्मकांची पिढी, आणि बीजाणूंची पिढी तिच्या डोक्यावर आश्रित. नेच्यामध्ये पारडे उलटे: बीजाणूंची पिढी वाढून डौलदार झाड झाली, युग्मकांची पिढी नखाएवढी उरली. मॉसचे पान आणि नेच्याचे पान दिसायला दोन्ही हिरवी, पण ती एका पिढीची नव्हेत. मॉसच्या पानाची तुलना नेच्याखालच्या पापुद्र्याशी करावी लागते आणि नेच्याची तुलना मॉसच्या काडीशी. एवढे जाणवल्यावर शतकभराचा गोंधळ निवळला. डार्विनचा प्रख्यात ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती.

आळीपाळीच्या पिढ्यांची कल्पना त्यापूर्वी प्राण्यांत आढळली होती. ‘रुरिक’ जहाजातून १८१५ ते १८१८ पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या आडेल्बेर्ट फॉन शामिसो या जर्मन कवीने साल्पा नावाच्या पारदर्शक समुद्रजीवात ती पाहिली आणि १८१९ मध्ये प्रसिद्ध केली. एक कवी आणि एक पुस्तकविक्रेता, असा या विषयाचा वंश आहे.

हॉफमाइस्टरला १८६३ मध्ये हायडेलबेर्ग विद्यापीठाने प्राध्यापक नेमले. १८७२ मध्ये तो ट्युबिंगेनला गेला. पुढची वर्षे घरातील मृत्यूंनी आणि आजारपणाने काळवंडली. १८७७ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो गेला.

मॉस आणि नेच्यापाशी गोष्ट संपली असती तर व्यापारी घरांना तिच्याशी फारसे कर्तव्य नसते. पण हा आराखडा बाजारापर्यंत पोहोचतो. काष्ठौषधीच्या दुकानांत आणि जत्रांत ‘संजीवनी’ म्हणून एक सुकलेला, मुठीसारखा वळलेला जुडगा विकतात. पाण्यात टाकला की तो उलगडून हिरवा होतो. बहुधा ती सेलाजिनेला नावाची वनस्पती असते, नेच्याची नातलग. तिचे बीजाणू दोन प्रकारचे, लहान आणि मोठे. युग्मकांची पिढी तिच्यात इतकी आक्रसली आहे की ती बहुतांशी बीजाणूच्या कवचातच वाढते. तिच्या रचनेतून हॉफमाइस्टरला पुढची वाट दिसली: मोठा बीजाणू आईने सोडलाच नाही आणि आपल्या अंगावरच ठेवला, तर बी तयार होण्याच्या वाटेवर पाऊल पडते.

सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्याला याचा पुरावा दुकानातच सापडेल. किन्नौरहून आणि अफगाणिस्तानातून येणारा चिलगोजा एका पाइन वृक्षाचे बी आहे. कवच फोडल्यावर जो पांढरा, तेलकट गर मिळतो तो बदामाच्या गरासारखा नव्हे. बदामात खाल्ली जातात ती गर्भाची दले. चिलगोज्याचा गर म्हणजे प्रत्यक्ष ती लपलेली स्त्रीपिढी, नेच्याच्या पापुद्र्याची सख्खी बहीण, आणि तिच्या मधोमध दोऱ्यासारखा दिसणारा गर्भ म्हणजे तिचे अपत्य. शिवाय कवच आहे ते आजीचे. एका चिलगोज्यात तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि भाव किलोचा होतो.

फुलझाडांत ही पिढी आणखी लहान होते. स्त्रीपिढी बहुतेक फुलांत सात पेशींची, बीजांडाच्या आत कायमची पडद्याआड. पुरुषपिढी म्हणजे परागकण, दोन किंवा तीन पेशींचा. जाईच्या फुलावरून हाताला लागणारी पिवळी पूड झाडाचा नुसता अंश नसून एक अख्खी पिढी असते. तिचे आयुष्य एका परागनलिकेच्या लांबीएवढे.

दोन पिढ्यांतील आंतरिक फरक हॉफमाइस्टरनंतर उमगला. एडुआर्ड श्ट्रासबुर्गरने १८९४ मध्ये दाखवून दिले की बीजाणूंच्या पिढीत गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि युग्मकांच्या पिढीत एकच. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर एक पिढी दुहेरी नोंदीची आणि दुसरी एकेरी नोंदीची. तुलना फार ताणू नये. तरी एका बाबतीत ती चपखल आहे. दुहेरी नोंदीत एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने झाकली जाऊ शकते, एकेरी संचात दोष असेल तर तो उघडा पडतो. (खऱ्या वहीत अर्थातच नेमके उलटे घडते, हे हिशेबनीसांना सांगायला नको.)

या विषयाला भारतातून मोठी भर पडली ती १९६४ मध्ये. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी हे धोत्र्याच्या परागकोशांवर प्रयोग करीत होते. कोश पोषक द्रवात ठेवले असता त्यांतून गर्भासारख्या हिरव्या आकृती बाहेर आल्या. तपासल्यावर कळले की त्या परागकणांपासूनच निघाल्या होत्या. दोन-तीन पेशींत संपणारी पुरुषपिढी पूर्ण झाड होऊ शकते, तेही एकाच गुणसूत्रसंचाचे, हे जगाला प्रथमच दिसले. अशा रोपाचा संच कृत्रिमरीत्या दुप्पट केला की शुद्ध वाण एका झटक्यात हाती येते. एरवी त्यासाठी कित्येक हंगाम निवड करीत बसावे लागते. भात आणि गहू यांच्या सुधारणेत ही रीत पुढे जगभर वापरली गेली.

आता मुलाच्या प्रश्नाकडे यावे. शेवाळ पावसाने येत नाही. गेल्या मोसमातील डब्यांतून उडालेले बीजाणू भिंतीच्या भेगांत पडून असतात, आणि सुकून तपकिरी झालेले जुने मॉसही मेलेले नसते. पहिल्या सरीने काही मिनिटांत त्याची पाने पुन्हा उलगडतात. ज्याला बी नाही असे वाटले त्याच्याकडे संततीची साधने दोन-दोन आहेत.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शक देऊ शकत नाही. काडीसह उपटलेल्या एका मॉसमध्ये इजा किती जणांना झाली? आई आणि अपत्य जोडलेले आहेत, म्हणून एक? पिढ्या दोन आहेत, म्हणून दोन? डबीत शेकडो बीजाणू आहेत, त्यांचे काय? विज्ञान पिढ्या मोजते, जीव मोजत नाही. साधारण वनस्पतिकायात एका शरीरात अनंत मानणाऱ्या परंपरेने हा हिशेब आकड्यांत मांडण्याचा आग्रह धरलेला नाही, आणि तो न धरण्यात शहाणपण आहे असेच म्हणावे लागेल.

व्यवहारात मात्र हॉफमाइस्टरची पिढ्यांची आळीपाळी उपयोगी पडते. लील घसरडी असते, वृद्ध पडतात, म्हणून भर पावसात ती तारेच्या ब्रशने खरवडण्याची किंवा औषध टाकून जाळण्याची पद्धत पुष्कळ सोसायट्यांत आहे. औषधाने जी हिंसा होते ती उघड आहे. खरवडण्याने दुहेरी नुकसान होते. मॉसच्या पानाचा किंवा खोडाचा लहानसा तुकडाही ओलीवर पडला तर त्यातून नवे झाड येऊ शकते. ब्रशने शंभर तुकडे केले, पाण्याने ते गच्चीभर पसरले, की मारलेही जाते आणि पेरलेही जाते, आणि पुढच्या श्रावणात थर अधिक दाट असतो.

मॉसच्या पुंयुग्मकांना पोहायला पाण्याचा पडदा लागतो आणि रुजायला बीजाणूंना टिकून राहणारी ओल लागते. त्यामुळे जे करायचे ते वैशाख-ज्येष्ठात, भिंत कोरडी असताना करावे: गच्चीचा उतार दुरुस्त करावा, पन्हळी मोकळ्या कराव्यात, गळके नळ बंद करावेत, भेगा बुजवाव्यात. जी जागा ओली राहणारच तेथे लोकांना चालायला कोरडी, उंच वाट आधीच आखून द्यावी. जुन्या उपाश्रयांच्या कारभाऱ्यांना हे ठाऊक असते. आषाढापूर्वी ते पायऱ्यांच्या सांध्यांवरून हात फिरवून पाहतात. त्यांच्या भाषेत याला जयणा म्हणतात.

उगवलेले मात्र तसेच राहू द्यावे. आश्विन संपत आला की ऊन तापते आणि गालिचा पिवळा पडू लागतो. भिंग धरले तर काड्यांच्या टोकांवरील डब्या तपकिरी झालेल्या दिसतात. कित्येक मॉसमध्ये डबीचे झाकण गळून पडल्यावर तोंडाशी दातांची नाजूक झालर असते. हवा दमट असताना ती मिटते, कोरडी झाली की उघडते आणि थोडे थोडे बीजाणू सोडते. कार्तिकी पौर्णिमेला साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, त्या सुमारास भिंतीवर हे काम चाललेले असते.